वाचकांचे प्रश्न : तीस मिलिग्रॅमची रेघ

मागील अंकात मद्यपान करून वाहन चालवण्यासंबंधीच्या कायद्यावर एक छोटे टिपण छापले होते. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.

निपाणीहून एक वाचक : "शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत मुभा आहे, असे आपल्या टिपणावरून समजले. आमच्या मित्रमंडळींत यावरून नेहमी वाद होतो. कोणी म्हणतो दोन पेग चालतात, कोणी म्हणतो पोटभर जेवण केले की काहीच दाखवत नाही. नेमके किती चालते, ते एकदा स्पष्ट लिहावे."

‘मुभा’ हा शब्द माझ्या टिपणात नव्हता आणि तो आपणही मनातून काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ एवढेच सांगते की, श्वासाच्या उपकरणाने किंवा प्रयोगशाळेतील चाचणीने रक्तात शंभर मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले, तर वाहन चालवणारा किंवा चालवण्याचा प्रयत्न करणारा शिक्षेस पात्र होतो. ही खटला भरण्याची रेघ आहे. तिच्या अलीकडे वाहन चालवणे सुरक्षित आहे, असे कायद्याने कुठेही म्हटलेले नाही.

आता पेगाचा हिशेब पाहू, कारण वाद तिथेच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम किंवा ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने घालून दिलेल्या सूत्रात हे वजन व्यक्तीच्या शरीराच्या वजनाने आणि एका गुणकाने भागतात. हा गुणक पुरुषांसाठी सुमारे ०.६८ आणि स्त्रियांसाठी सुमारे ०.५५ धरला जातो. त्यानुसार ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे एका छोट्या पेगाने सुमारे २१ मिलिग्रॅम आणि एका मोठ्या पेगाने सुमारे ४३ मिलिग्रॅम अल्कोहोल चढते. आपल्या मित्रांचे ‘दोन पेग’ मोठे असतील, तर ते रेघेच्या जवळजवळ तिप्पट गेलेले असतात. दुकानात मिळणाऱ्या ‘नाईन्टी’ने (९० मिलिलिटर) हाच आकडा ६४ च्या आसपास जातो आणि अख्ख्या क्वार्टरने (१८० मिलिलिटर) १२५ च्या पुढे. बिअर म्हणजे दारू नव्हे, असे मानणारेही पुष्कळ आहेत. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर याच माणसाला सुमारे ८६ पर्यंत नेते आणि पाच टक्क्यांची साधी बाटलीसुद्धा ५० च्या वर. उलट ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत एकाच छोट्या पेगाने सुमारे ३७ मिलिग्रॅम होतात.

हे सगळे अंदाज आहेत. माणसामाणसांत फरक पडतो, आणि घरी ओतलेला पेग ३० मिलिलिटरचाच असतो असे नाही. भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात सावकाश उतरते आणि त्याची कमाल पातळी काहीशी कमी राहते, हे खरे आहे. परंतु किती कमी, हे जेवणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. शिवाय सावकाश उतरते याचा अर्थ असाही होतो की, धाब्यावरून उठताना बरे वाटणाऱ्या माणसाच्या रक्तातील प्रमाण तो महामार्गावर पोहोचेपर्यंत वाढतच असते. म्हणून ‘किती चालते’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘काहीही नाही’ असेच आहे, आणि ते उपदेश म्हणून नव्हे तर वरील हिशेबावरून दिलेले आहे.

बेळगाव, शहापूर येथून एक भगिनी : "आमचा भाजीचा टेम्पो आहे. यजमान पहाटे चार वाजता गाडी घेऊन मार्केटला निघतात. काही दिवशी रात्री ते आणि त्यांचे स्नेही मिळून एक हाफ संपवतात, साधारण साडेआठला बसतात आणि दहाला जेवून झोपतात. झोप झाली, थंड पाण्याने अंघोळ केली, लिंबूपाणी घेतले की उतरते, असे ते म्हणतात. मी अडवते म्हणून घरात वाद होतो. माझे चुकते का?"

ताई, आपले अजिबात चुकत नाही. आपल्या पत्राला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण रात्री पिऊन लगेच गाडी चालवणाऱ्याची चर्चा सगळीकडे होते, पण पहाटे निघणाऱ्या कष्टकरी माणसाचा विचार क्वचितच कोणी करतो. दूधवाले, भाजीवाले, पहिल्या फेरीचे ड्रायव्हर हे सगळे त्यात आले.

शरीरातील बहुतेक अल्कोहोल यकृत मोडते आणि ते आपल्याच गतीने मोडते. ती गती साधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅम धरतात. काहींच्या बाबतीत ती १० इतकी मंद असते, तर काहींच्या बाबतीत २० इतकी जलद. अंघोळ, लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी यांपैकी कशानेही ती वाढत नाही. अंघोळीने जाग येते आणि जाग आल्यामुळे उतरल्यासारखे वाटते, एवढेच. ३७५ मिलिलिटरची हाफ दोघांत निम्मी वाटली, तर एकाच्या वाट्याला सुमारे ६३ ग्रॅम अल्कोहोल येते. आपल्या यजमानांचे वजन ६० किलो धरले तर त्यांच्या रक्तातील प्रमाण सुमारे १५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने मांडावे लागते. साडेआठपासून पहाटे चारपर्यंतच्या साडेसात तासांत त्यांतील सुमारे ११० मिलिग्रॅम निघून जातात, आणि किल्ली फिरवताना ते अजून ४० च्या आसपास असतात. म्हणजे रात्रभर झोपूनही ते कायद्याने गुन्हेगार ठरतात. त्यांचे यकृत मंद गतीचे असेल, तर रेघेखाली यायला त्यांना सकाळचे साडेआठ वाजतील.

त्यांना पिण्याबद्दल बोल लावण्याऐवजी हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, असे मला वाटते. ज्या दिवशी रात्री बैठक ठरली असेल, त्या पहाटे टेम्पोवर दुसरा माणूस पाठवण्याचे आदल्या सायंकाळीच ठरवता येईल. दारू घेतल्यावर हा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.

चंदगड तालुक्यातून एक वाचक : "शिनोळी ओलांडली की आम्ही कर्नाटकात येतो आणि परतताना महाराष्ट्रात. चोर्ल्यामार्गे गोव्यालाही जाणे होते. तिन्ही राज्यांत मर्यादा वेगवेगळी आहे काय? आणि दंड नाक्यावरच भरून सुटता येते काय?"

मर्यादा तिन्ही राज्यांत एकच आहे, कारण मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. मद्यविक्रीचे नियम, परवाने, कर आणि सोबत किती बाटल्या नेता येतात हे मात्र राज्यागणिक बदलते, आणि दोन्हींची गल्लत होते. गोव्यात दारू स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाटात रक्ताचे गणित बदलत नाही.

शिक्षेविषयी सांगायचे तर, १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यापूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता. हा गुन्हा कलम २०० खालील तडजोडीच्या यादीत नाही. त्यामुळे रस्त्यावर पावती फाडून तो मिटत नाही, न्यायालयात उभे राहावेच लागते. नाक्यावर कोणी पैसे घेऊन सोडत असेल, तर तो दंड नव्हे. दोष सिद्ध झाल्यास न्यायालयाने किमान सहा महिने लायसन्स अपात्र ठरवावे, असे कलम २० सांगते, आणि लायसन्स कोल्हापूरचे असले तरी तो आदेश त्याला लागू होतोच. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याला दंडापेक्षा हे सहा महिने अधिक जड जातात.

खानापूरहून एक तरुण वाचक : "पोलिसांनी अडवून फुंकर मारायला सांगितली तर नकार देता येतो का? आमच्याकडे ठाण्यात सगळे कागद कन्नडमध्ये असतात. मला कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही. सही करावी की नाही?"

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला किंवा मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला वाजवी संशय आल्यास तो सार्वजनिक ठिकाणी श्वासाचा नमुना मागू शकतो. हा अधिकार कलम २०३ ने दिलेला आहे. नकार दिल्याने सुटका होत नाही. संशयाला आधार असेल तर अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो, ठाण्यात रक्ताचा नमुना मागितला जाऊ शकतो, आणि वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे खटल्यात आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येतो. जो प्यायलेला नाही, त्याने तर नकार देणे म्हणजे आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा स्वतःच्या हाताने टाकून देणे आहे.

पण नागरिकाच्या बाजूच्याही तरतुदी आहेत आणि त्या फार कमी लोकांना ठाऊक असतात. कलम २०२ प्रमाणे या गुन्ह्यासाठी अटक केलेल्या व्यक्तीची नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे. ती न झाल्यास त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. नुसता तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत, पाय अडखळतात, एवढ्यावर मद्यपान सिद्ध झाले असे मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बच्चूभाई कर्यानी यांच्या प्रकरणात म्हटले होते. उपकरणावर आकडा आला की त्याची छापील चिठ्ठी, दिनांक आणि वेळ यांसह मागून घ्यावी.

भाषेचा प्रश्न आपल्या भागात नाजूक आहे आणि रस्त्यावर रात्री अकरा वाजता तो वाद म्हणून उभा करू नये, असे माझे मत आहे. अटकेची कारणे समजून घेणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क आहे. ‘मला वाचता येत नाही, यातील मजकूर मराठीत सांगा’ असे शांतपणे म्हणावे, आपल्याला कन्नड बोलता येते तर ते कन्नडमध्येच म्हणावे, आणि सही करताना मराठीत ‘मजकूर वाचून दाखवला’ किंवा ‘वाचून दाखवलेला नाही’, जे खरे असेल ते, सहीच्या वर लिहावे.

वडगावहून एक ज्येष्ठ वाचक : "मी वैद्यांच्या सल्ल्याने दशमूलारिष्ट घेतो आणि स्कूटर चालवतो. मी पकडला जाईन का?"

आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, साधारण पाच ते दहा टक्के. वीस मिलिलिटरच्या मात्रेत ते दीड-दोन ग्रॅमहून अधिक नसते, आणि त्याने रक्तातील प्रमाण तीन-चार मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही. मात्र औषध घेतल्या घेतल्या तोंडात राहिलेल्या अंशामुळे उपकरण काही मिनिटे चुकीचा मोठा आकडा दाखवू शकते. औषध घेऊन चूळ भरावी, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मग निघावे. तसा प्रसंग आलाच, तर पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी.

चिकोडी तालुक्यातून एक ट्रॅक्टरमालक : "हंगामात माझे दोन ट्रॅक्टर ऊस वाहतात. ड्रायव्हर रात्री फडावरून भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघतात, काही वेळा घेतलेली असते. ड्रायव्हरचा गुन्हा मालकाच्या अंगावर येतो का?"

आपण हे मोकळेपणाने विचारले याचे मला समाधान वाटते, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. ट्रॅक्टर हे कायद्याने मोटार वाहनच आहे. ड्रायव्हर प्यायलेला आहे हे माहीत असताना त्याला ‘जा, काट्यावर नंबर लागायला हवा’ असे सांगून पाठवणारा मालक कलम १८८ प्रमाणे गुन्ह्याला साह्य करणारा ठरू शकतो आणि त्याला ड्रायव्हरइतकीच शिक्षा होऊ शकते. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर येते, ती वेगळीच. विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. जखमींची किंवा मृतांच्या वारसांची भरपाई विमा कंपनीने आधी द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. स्वतःच्या वाहनाचे नुकसान तर सहसा मिळतच नाही. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे स्पष्ट केले की, ३० मिलिग्रॅमचा चाचणी-अहवाल हाती नसला तरी इतर परिस्थितीवरून चालक दारूच्या अंमलाखाली होता हे दाखवून कंपनी असा दावा नाकारू शकते.

मृत्यू ओढवला तर प्रकरण नुसत्या निष्काळजीपणावर थांबत नाही. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली बळी गेला, त्या मोटारीचा चालक अ‍ॅलिस्टर परेरा याच्या खटल्यात सदोष मनुष्यवधाखालील शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर दहा-बारा टन ऊस घेऊन अंधारात चालतो, तेव्हा त्याच्या चालकाचे अर्ध्या सेकंदाचे दुर्लक्षही मोटारसायकलवरून येणाऱ्या कुटुंबाला पुरे असते. रात्रपाळीला ड्रायव्हर थंडी आणि झोप यांसाठी पितो, हे मी जाणतो. त्याला सलग दुसरी खेप न लावणे, हे मालकाच्या हातात आहे.

बेळगावहून एक महाविद्यालयीन प्राध्यापक : "आमच्याकडे वादविवाद स्पर्धेसाठी ‘वाहनचालकांसाठी मद्याची मर्यादा शून्य करावी’ हा विषय ठेवला आहे. दोन्ही बाजूंचे मुद्दे आणि आपले स्वतःचे मत कळवावे."

विद्यार्थ्यांनी सुरुवात एका विस्मरणात गेलेल्या गोष्टीपासून करावी. १९८८ चा कायदा झाला तेव्हा आपली मर्यादा शून्यच होती. रक्तात अल्कोहोल ‘कितीही अल्प प्रमाणात’ आढळले तरी तो गुन्हा होता. ३० मिलिग्रॅमचा आकडा १९९४ च्या दुरुस्तीने आला. म्हणजे शून्याची मागणी करणारे नवे काही मागत नसून जुन्या कलमाकडे परत जाऊ म्हणत आहेत. जगाकडे पाहिले तर इंग्लंडमध्ये मर्यादा ८० आहे, स्कॉटलंडने ती २०१४ मध्ये ८० वरून ५० वर आणली, युरोपातील बहुतेक देशांत ५०, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये २०, जपानमध्ये ३०, तर हंगेरी आणि चेक प्रजासत्ताकात शून्य आहे. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० किंवा त्याहून कमी आणि तरुण व नवशिक्या चालकांसाठी २० किंवा त्याहून कमी मर्यादेची शिफारस करते.

शून्याच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा असा की, तो नियम सामान्य माणसाला हिशेबाशिवाय कळतो; निपाणीच्या वाचकांच्या मित्रमंडळींतला वाद त्याने मिटतो. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा की, उपकरणाच्या मोजमापात थोडीफार चूक होऊ शकते, वडगावच्या आजोबांच्या अरिष्टासारखी औषधे असतात, आणि शून्य म्हटले की निरपराध माणसाला त्रास देण्याची संधी नाक्यावरच्या माणसाला मिळते. तरुण आणि प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी वेगळी, खालची मर्यादा ठेवावी, हा मधला मार्ग मला मान्य आहे. पण माझी खरी तक्रार आकड्याबद्दल नाही.

काही वर्षांपूर्वी माझा एक शाळूसोबती जत्रेहून रात्री परतत असताना एका जीपने उडवला गेला. जीप चालवणारा शुद्धीत नव्हता, हे जमलेल्या सगळ्यांनी पाहिले. घटना रात्री साडेदहाची. उपकरण जवळ नव्हते, डॉक्टर उपलब्ध नव्हते, आणि रक्त घेतले गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता. ताशी १५ च्या हिशेबाने त्या अकरा तासांत १६५ मिलिग्रॅम नाहीसे होतात. अहवालात काहीच आले नाही, यात आश्चर्य नव्हते. त्या दिवशी कायद्यातील आकडा ३० असता, २० असता की शून्य असता, माझ्या मित्राच्या घरच्यांच्या दृष्टीने काहीही फरक पडला नसता.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा आदेश दिला. पुढच्याच वर्षी वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर करण्यात आले आणि शहरी हद्दीतील दुकानांना सूट मिळाली. अंतर मोजण्यात जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी श्वास मोजण्यात झाली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. शहरात शनिवारी रात्री तपासणी दिसते. खानापूर-जांबोटीच्या रस्त्याला, वेंगुर्ला रस्त्याला, चिकोडी-अथणीच्या ऊसवाटांना ती मी तरी क्वचितच पाहिली आहे. पकडले जाण्याची शक्यता माणसाला जाणवते. शिक्षेचा आकडा त्याला गाडीत बसताना आठवत नाही.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी व्यासपीठावर जाण्यापूर्वी माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा एक अर्ज करावा, असे मी सुचवतो. तालुक्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यात श्वासचाचणीची किती उपकरणे चालू स्थितीत आहेत, त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, शेवटचे कोणत्या दिनांकास झाले, मागील वर्षी रात्री दहानंतर शहराबाहेर किती चाचण्या घेतल्या गेल्या, आणि अपघातानंतर रक्ताचा नमुना घेण्यास सरासरी किती वेळ लागला, एवढे चार प्रश्न त्यात असावेत. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. स्पर्धेला तेवढा अवधी असल्यास आलेली उत्तरे माझ्याकडेही पाठवावीत. ती याच सदरात छापण्याची माझी तयारी आहे.